इम्प्लांटसाठी डिजिटल स्कॅन: नवख्या डेंटिस्टने अचूकता कुठे आणि कशी सांभाळायची

दाताच्या कॅपसाठी घेतलेल्या स्कॅनमध्ये थोडी चूक राहिली तर दात ती सांभाळून घेतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा पातळ थर असतो, त्यामुळे निरोगी दात चावताना २५ ते १०० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) दबतो. इम्प्लांटला, म्हणजे हाडात बसवलेल्या कृत्रिम मुळाला, हा थर नाही. टायटॅनियम थेट हाडाशी जुळलेलं असतं, उभ्या दाबाखाली ते जेमतेम ३ ते ५ मायक्रॉन हलतं. त्यामुळे तीन-चार इम्प्लांट्सवर बसणाऱ्या ब्रिजमध्ये जी चूक उरेल तिचा ताण स्क्रूवर, अबटमेंटवर (इम्प्लांट आणि कॅप यांना जोडणाऱ्या तुकड्यावर) आणि हाडावर येतो. स्क्रू पुन्हा पुन्हा सैल होतो, पोर्सेलिनचा टवका उडतो, पेशंट सहा महिन्यांनी परत येतो. कारण शोधत मागे गेलं की पुष्कळदा स्कॅनच्या दिवसापर्यंत येऊन थांबावं लागतं.

इथे इंदूरमध्ये शिकून सुदामानगर, अन्नपूर्णा किंवा विजयनगरकडे स्वतःचं क्लिनिक थाटलेल्या आणि नुकताच इंट्राओरल, म्हणजे तोंडात घालायचा, स्कॅनर घेतलेल्या आपल्या मराठी मुलामुलींसाठी हे लिहितो आहे. कंपनीचा माणूस येऊन अर्ध्या दिवसात बटणं दाखवून जातो, आणि त्यावर कॅप-ब्रिजचं काम चालूनही जातं. इम्प्लांटला तेवढं पुरत नाही. महागडा स्कॅनर घेतल्याने अचूकता आपोआप येत नाही. ती स्कॅन बॉडी (इम्प्लांटवर स्क्रूने तात्पुरती बसवायची खुणेची कांडी) नीट बसवण्यात, तोंड कोरडं ठेवण्यात आणि कॅमेरा ठरलेल्या वाटेने फिरवण्यात आहे. आणि आपला स्कॅनर कुठपर्यंत भरवशाचा आहे हे ओळखण्यातही आहे.

स्कॅनर नेमकं काय करतो

तोंडात कॅमेरा घालून दात मोजायची सुरुवात १९८५ साली झुरिकमध्ये झाली. वेर्नर म्योरमान आणि मार्को ब्रांडेस्तिनी यांचं सेरेक यंत्र एका दातातल्या इनलेसाठी (खड्ड्यात बसवायच्या भरणासाठी) बनवलेलं होतं. आज आपण त्याच जातीच्या यंत्राकडून अख्खा जबडा मागतो, आणि अडचण तिथेच आहे.

स्कॅनरच्या टोकाला एका वेळी दोन-तीन दातांएवढाच भाग दिसतो. तो सेकंदाला अनेक चित्रं घेतो आणि प्रत्येक नवं चित्र आधीच्या चित्राशी, दोघांत सारख्या असलेल्या उंचसखल भागावरून जुळवतो. गोधडी शिवताना प्रत्येक तुकडा शेजारच्या तुकड्याच्या आधाराने लावला की दोऱ्याएवढा फरक दुसऱ्या टोकाला बोटाएवढा होतो, तसंच इथे होतं. एका दाढेच्या जागी ही चूक नगण्य असते. उजव्या दाढेपासून डाव्या दाढेपर्यंत ती साचत जाते. जिथे जुळवायला खुणा नाहीत, म्हणजे दात नसलेली गुळगुळीत ओली हिरडी, तिथे ती झपाट्याने वाढते.

अचूकतेचे दोन भाग आहेत आणि ते वेगळे ठेवावे लागतात. एक, स्कॅन प्रत्यक्षाच्या किती जवळ आहे. दुसरा, तोच जबडा पुन्हा स्कॅन केला तर तेच उत्तर येतं का. दुसरा भाग तुम्ही स्वतः तपासू शकता, आणि पेशंटला हात लावण्याआधी तपासाच. स्कॅन बॉडी लावलेलं एक प्लास्टरचं मॉडेल घ्या, ते पाच वेळा स्कॅन करा आणि फाइली एकमेकींवर ठेवून पाहा. क्लाउडकंपेअर हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, फरक रंगांत दाखवतं. लाल डाग कुठे येतात ते बघा. तुमचा हात कुठे अडखळतो हे त्या नकाशावर दिसतं. लॅबकडे टेबलावरचा स्कॅनर असेल तर तेच मॉडेल त्यावर स्कॅन करून घ्या, म्हणजे पहिल्या भागाचाही अंदाज येईल.

पेशंट येण्याआधी

कॅलिब्रेशन, म्हणजे स्कॅनरचं मोजमाप बरोबर आहे ना हे जुळवून घेणं, रोज सकाळी करा. ज्यांचा स्कॅनर एकाच खोलीत राहतो त्यांना कदाचित रोज लागणार नाही, पण आपल्याकडे बरेच जण दोन-तीन क्लिनिकमध्ये व्हिजिटिंग काम करतात आणि स्कॅनर गाडीतून फिरतो. मे महिन्यात दुपारी अन्नपूर्णाहून विजयनगरला डिकीत ठेवून नेलेला स्कॅनर एसीच्या खोलीत आणल्याबरोबर वापरायचा नाही. आतल्या भागांचं तापमान खोलीशी जुळू द्या, मग कॅलिब्रेशन करा, मग स्कॅन. गाडीत बसलेले हादरे हेही कॅलिब्रेशन पुन्हा करण्याचं पुरेसं कारण आहे.

टिपच्या, म्हणजे तोंडात जाणाऱ्या टोकाच्या, आत छोटा आरसा असतो. ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात) जाऊन जाऊन तो डागाळतो. प्रत्येक टिप किती वेळा निर्जंतुक करता येते हे कंपनी ठरवून देते. टिपवर खूण करून मोजणी ठेवा आणि संख्या भरली की टिप बदला. टिप गरम होण्याआधी तोंडात घातली तर आरशावर वाफ धरते, आणि वाफेतून घेतलेला स्कॅन पडद्यावर ठीक दिसला तरी कडा बोथट येतात.

आणखी एक काम आधीच उरकायचं. लॅबला फोन करून विचारा: या इम्प्लांटची, या प्लॅटफॉर्मची (इम्प्लांटच्या वरच्या जोडाच्या मापाची), याच स्कॅन बॉडीची लायब्ररी, म्हणजे तिच्या आकाराची डिजिटल फाइल, तुमच्याकडे आहे का? दिसायला सारखी पण दुसऱ्या कंपनीची स्कॅन बॉडी वापरली आणि लॅबने मूळ कंपनीची लायब्ररी लावली, तर स्कॅन कितीही सुबक असो, कॅप चुकीच्या उंचीवर बनणार.

तोंड तयार करणं

सकाळची अपॉइंटमेंट असेल तर इंदूरचा पेशंट पोहे-जलेबी खाऊन येतो हे धरूनच चालायचं. हीलिंग कॅपभोवती (हिरडी भरून येईपर्यंत इम्प्लांटवर लावलेल्या झाकणाभोवती) शेवेचा चुरा, बडीशेप, जीरावणाचे कण हमखास सापडतात. आधी चूळ भरायला लावा, ब्रश करवून घ्या, मग सलाइनने धुवा. हीलिंग कॅप काढल्यावर इम्प्लांटच्या तोंडातला षट्कोन पुन्हा धुऊन, हवेने हलकेच कोरडा करा. मसाल्याचा एक कण किंवा रक्ताची गुठळी स्कॅन बॉडीला वर उचलून धरायला पुरते.

लाळ हा दुसरा शत्रू. पाण्याचा थर प्रकाश वाकवतो आणि परावर्तित करतो, त्यामुळे पृष्ठभाग आहे त्यापेक्षा वेगळ्या ठिकाणी नोंदला जातो. गाल मागे धरायला रिट्रॅक्टर, जिभेखाली आणि वरच्या दाढांच्या गालाकडच्या बाजूला कापसाचे रोल, आणि सक्शन धरायला सहायक. एकट्याने इम्प्लांटचा स्कॅन करायला जाऊ नका. डेंटल चेअरचा दिवा तोंडावरून बाजूला करा. खोलीतला साधा प्रकाश चालतो, झोताचा प्रकाश स्कॅनरच्या स्वतःच्या प्रकाशात मिसळतो.

आपल्या भागात सुपारी-गुटख्याने तोंड उघडणं कमी झालेले पेशंट रोज येतात. सबम्युकस फायब्रोसिस या आजारात गाल चामड्यासारखे ताठ होतात, आणि सामान्य माणसाचं जे तोंड ४० मिलिमीटरच्या आसपास उघडतं ते २०-२५ वर अडकतं. अशा तोंडात शेवटच्या दाढेवर स्कॅन बॉडी उभी केली की तिच्यावर टिप मावतच नाही. म्हणून तोंड उघडणं इम्प्लांट ठरवतानाच मोजा, स्कॅनच्या दिवशी नाही. छोटी टिप आणि आखूड स्कॅन बॉडी मागवून ठेवा. आणि तरी जमणार नसेल तर आधीच दुसरी योजना करा.

खालच्या जबड्याचं एक वैशिष्ट्य बऱ्याच नव्या लोकांना माहीत नसतं. तोंड पूर्ण ताणून उघडलं की स्नायूंच्या ओढीने खालच्या जबड्याच्या दोन्ही बाजू किंचित आत येतात. दोन्हीकडे इम्प्लांट्स असतील तर हा फरक ब्रिजमध्ये उतरतो. पेशंटला सांगा, 'काकू, फार ताणू नका, अर्धंच उघडा.' त्यांनाही बरं वाटतं.

स्कॅन बॉडी: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

स्कॅनर इम्प्लांट पाहत नाही. तो स्कॅन बॉडीचा आकार पाहतो, आणि लॅबचं सॉफ्टवेअर त्यावरून इम्प्लांट कुठे आणि कसं आहे हे ठरवतं. म्हणून स्कॅन बॉडी चुकली की पुढचं सगळं चुकलं. थोडं गणित करून पाहा. १० मिलिमीटर उंचीची स्कॅन बॉडी फक्त १ अंशाने कलली, तर तिचं टोक सुमारे १७५ मायक्रॉन सरकतं. ब्रिज इम्प्लांट्सवर ताण न देता बसावा यासाठी स्वीडनचे इम्प्लांट संशोधक ब्रेनेमार्क यांनी १९८३ साली १० मायक्रॉनची मर्यादा मांडली होती. पुढे १९९१ साली संशोधक येम्ट यांनी १५० मायक्रॉनपर्यंतचा फरक व्यवहारात चालवून घेता येईल असं म्हटलं. एका अंशाचा कल या सैल मर्यादेच्याही बाहेर जातो.

खालच्या पहिल्या दाढेच्या जागचं इम्प्लांट डोळ्यांसमोर आणा. हीलिंग कॅप काढली, हिरडीचा गुलाबी गोल खड्डा दिसला. स्कॅन बॉडी आत सोडून हाताने स्क्रू फिरवायला घेतला. शेवटच्या पाव फेऱ्यात बोटांना जाणवतं ते महत्त्वाचं: स्क्रू दबत दबत, रबरासारखा थांबला, तर मध्ये काहीतरी आहे. बहुधा पुढच्या बाजूची हिरडी आत दुमडलेली असते. एक्स-रेमध्ये इम्प्लांट आणि स्कॅन बॉडी यांच्या मध्ये केसासारखी काळी रेघ दिसते. जोर लावून ती मिटवायची नाही. स्कॅन बॉडी काढायची, हिरडी प्रोबने (बारीक सळीसारख्या हत्याराने) बाजूला सारायची, 'काकू, थोडं दाबल्यासारखं वाटेल हं' असं सांगून पुन्हा बसवायची. नीट बसली की स्क्रू एकदम कडक थांबतो. ती रेघ नाहीशी होते. हा फरक दोन-चार पेशंटमध्ये बोटांना ओळखू यायला लागतो, पण एक्स-रे तरीही प्रत्येक वेळी काढा, विशेषतः जिथे जोड हिरडीखाली आहे. एक्स-रेचा किरण इम्प्लांटला काटकोनात हवा. आटे दोन्ही कडांनी स्पष्ट दिसले तरच त्या एक्स-रेवर विश्वास ठेवा. आटे धूसर असतील तर फट असूनही झाकली जाते.

किती घट्ट करायचं? बहुतेक कंपन्या हातानेच घट्ट करायला सांगतात, काही फार तर १० न्यूटन-सेंटिमीटरच्या आसपास आकडा देतात. पुस्तिकेत असेल तोच धरा. कायमच्या स्क्रूचे ३०-३५ न्यूटन-सेंटिमीटर इथे कधीही लावायचे नाहीत. पीक नावाच्या प्लास्टिकच्या स्कॅन बॉडी जास्त ताणाने दबतात, आणि पुन्हा पुन्हा वापरून, ऑटोक्लेव्ह करून त्यांची तळाची कड झिजते. खाली टायटॅनियम असलेल्या स्कॅन बॉडी जास्त टिकतात. कोणतीही असो, वापर मोजा, ओरखडा दिसला की बाजूला काढा. दोन पैसे वाचवायला झिजलेली स्कॅन बॉडी वापरणं मला मान्य नाही. त्याची किंमत पेशंट मोजतो.

स्कॅन बॉडीला एक सपाट बाजू असते. कंपनीने वेगळं सांगितलं नसेल तर ती गालाकडे किंवा जिभेकडे ठेवा. शेजारच्या दाताकडे वळवली तर टिप तिथे पोचत नाही आणि सॉफ्टवेअरला फिरण्याचा कोन अंदाजाने भरावा लागतो. इम्प्लांट खोल असेल तर स्कॅन बॉडीचा किती भाग हिरडीबाहेर दिसतो तेही बघा. फक्त टोक दिसत असेल तर लांब स्कॅन बॉडी लागेल.

कॅमेरा कुठून कुठे

क्रम असा ठेवा. आधी हीलिंग कॅप तशीच ठेवून समोरचा जबडा आणि इम्प्लांटचा जबडा स्कॅन करा, चावाही (वरखालचे दात मिटलेले असतानाचा स्कॅन) इथेच घ्या. मग हीलिंग कॅप काढा आणि हिरडीच्या खड्ड्याचा स्कॅन लगेच घ्या. काही मिनिटांतच हिरडी आत कोसळायला लागते आणि दाताच्या कॅपला मिळायचा आकार हातचा जातो. नंतर स्कॅन बॉडी, एक्स-रे, आणि पडद्यावर फक्त तेवढाच भाग कापून स्कॅन बॉडीचा स्कॅन.

वाट कंपनीने आखलेली असते, ती पाळा. साधारण नियम म्हणजे दाढांच्या चावण्याच्या बाजूने सुरुवात, कारण तिथे खळगे-उंचवटे भरपूर. मग दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन जिभेच्या बाजूने परत आणि शेवटी गालाकडून. पुढच्या दातांवर टिप नागमोडी हलवावी लागते, नाहीतर पातळ कडा सुटतात. वरच्या जबड्यात टाळूवरच्या वळ्या घेतल्या तर जुळवायला चांगला आधार मिळतो. मध्येच जागा हरवली तर जिथे आहात तिथे टिप हलवत बसू नका. एखाद्या ओळखीच्या दाढेवर परत या, स्कॅनर पकडतो, मग पुढे जा.

भोक दिसलं की पुन्हा पुन्हा तिथेच फिरवायचा मोह होतो. जास्तीची चित्रं म्हणजे जास्तीचे जोड. थोडी भोकं, जी स्कॅन बॉडीपासून आणि शेजारचे दात टेकतात त्या संपर्कबिंदूंपासून लांब आहेत, तशीच राहू द्या. आणि सॉफ्टवेअरमध्ये जीभ-गाल आपोआप पुसण्याची सोय असते. स्कॅन बॉडीच्या वेळी ती बंद करा किंवा इम्प्लांटसाठीचा पर्याय निवडा, नाहीतर ती स्कॅन बॉडीचाच तुकडा पुसून टाकते. शेजारी चकाकणारी जुनी धातूची कॅप असेल तर टिपचा कोन बदला. तेवढ्याने भागलं नाही तर स्कॅनची पावडर अगदी हलकी मारा.

दात नसलेला पूर्ण जबडा

एक इम्प्लांट, दोन-तीन दातांचा ब्रिज, इथे चांगला डिजिटल स्कॅन ट्रेमध्ये मसाला भरून घेतलेल्या नेहमीच्या मापाच्या तोडीचा ठरतो. चार-सहा इम्प्लांट्सवर अख्खा जबडा उभा करायचा असेल तर नव्या माणसाने नुसत्या इंट्राओरल स्कॅनवर कायमचं काम बनवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. यापेक्षा सोपा सल्ला देणं मला बरोबर वाटत नाही.

स्कॅन घेताना मदत करणाऱ्या काही युक्त्या आहेत. दोन स्कॅन बॉडींमधल्या गुळगुळीत हिरडीवर, जागा कोरडी करून, कंपोझिटचे (दात भरायच्या साहित्याचे) ठिपके लावले की स्कॅनरला पाय रोवायला जागा मिळते. आडव्या फांद्या असलेल्या स्कॅन बॉडीही मिळतात. त्या एकमेकींजवळ येतात आणि मधला रिकामा पल्ला कमी करतात. इम्प्लांट्सची जागा मोजण्यासाठी फोटोग्रामेट्रीची वेगळी यंत्रं आहेत. ती एकेक चित्र जोडत जाण्याऐवजी खुणांच्या एकमेकांपासूनच्या जागा सरळ मोजतात, म्हणून लांब पल्ल्याला ती जास्त भरवशाची. मात्र हिरडीसाठी साधा स्कॅन वेगळा लागतोच.

हे काहीही केलं तरी शेवटी व्हेरिफिकेशन जिग, म्हणजे इम्प्लांट्सच्या जागा पडताळणारा सांधा, करा. लॅब स्कॅनवरून प्रत्येक इम्प्लांटसाठी वेगळा तुकडा बनवते, शेजारच्या तुकड्यांत बारीक फट ठेवून. तुम्ही तोंडात प्रत्येक तुकडा स्क्रूने बसवायचा आणि फटीत पॅटर्न रेझिन (तोंडातच घट्ट होणारं प्लास्टिक) भरून जोडायचं. फट बारीक असण्याचं कारण रेझिन घट्ट होताना आकसतं. जितकं कमी रेझिन तितकी कमी ओढ. पूर्ण घट्ट होईपर्यंत हात लावू नका. या जिगवरून लॅब मॉडेल दुरुस्त करते.

ब्रिजचा तयार सांगाडा आला की एका टोकाचा एकच स्क्रू घट्ट करा आणि दुसऱ्या टोकाकडे बघा, एक्स-रेसकट. तिथे फट उघडली तर सांगाडा बसलेला नाही. सगळे स्क्रू आवळून फट मिटवली तर ती दिसत नाही एवढंच. ताण आत राहतो. अशा वेळी सांगाडा कापून, तोंडातच जोडून परत पाठवावा लागतो. पेशंटला आणखी एक चक्कर पडते, वाईट वाटतं, पण बसवून देऊ नका.

आणि जिथे शंका असेल तिथे ओपन ट्रेचं (वरून उघड्या ट्रेचं) माप घ्या, ट्रान्सफर कोपिंग (मापात इम्प्लांटची जागा पकडणारे तुकडे) एकमेकींना रेझिनने जोडून. त्यात कमीपणा नाही.

पेशंट उठण्याआधी

पडद्यावरचा रंग बंद करा. रंगीत चित्र छान दिसतं आणि दोष झाकतं. राखाडी रंगात खडबडीतपणा, भोकं आणि दुहेरी कडा लगेच दिसतात. दुहेरी कड म्हणजे स्कॅन जुळताना घसरलेला आहे. तो दुरुस्त होत नाही, तो भाग पुन्हाच घ्यायचा. स्कॅन बॉडीचा माथा, सपाट बाजू आणि चारही अंगं सलग आहेत का ते फिरवून बघा. चाव्यात वरखालचे दात एकमेकांत घुसलेले किंवा अधांतरी दिसत असतील तर चावा पुन्हा घ्या. पेशंटला दाबून नाही, सहज मिटायला सांगा.

लॅबला पाठवताना

फाइलबरोबर इम्प्लांटची कंपनी, प्लॅटफॉर्म, व्यास, स्कॅन बॉडीचा कोड आणि एक्स-रे पाठवा. लॅबकडून लायब्ररी जुळवल्यानंतरचं चित्र मागवा, ज्यात स्कॅन आणि लायब्ररी यांच्यातला फरक रंगाने दिसतो. चांगला तंत्रज्ञ ते आनंदाने पाठवतो. 'सर, दुसऱ्या इम्प्लांटला जुळत नाहीये' असं त्याने फोनवर सांगितलं तर त्याचं ऐका. त्याच्या पडद्यावर जे दिसतं ते तुमच्या पडद्यावर दिसत नसतं.

मूळ स्कॅन, तो एक्स-रे आणि लॅबची स्लिप पेशंटच्या फोल्डरमध्ये तारीख घालून जपून ठेवा, दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर. काही वर्षांनी पोर्सेलिन तुटलं तर हिरडी बदललेली असेल, पण हाडातल्या इम्प्लांटची जागा तीच असते, आणि नव्या कॅपचं काम याच फाइलवरून सुरू करता येतं.